तेलाला आंबट हात

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येतं ते पाचवीपर्यंतचं. तुम्ही असता तरी हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि दुसऱ्या कुणी वाचावं असं यात काही नाही. तरी लिहून राहिलो. आज गिरणीला सुट्टी आहे. बाकीचे टीव्ही बघायला गेले. मी खोलीत पेटीवर कागद ठेवून बसलो आहे. कपड्यांना, उशीला, या कागदालाही तेलाचा वास आहे. तुम्ही म्हणायचे, "तुह्या पायाले भिंगरी हाय, पोट्ट्या. एका जागी बसला तर मुंग्या लागतेत." खरंच होतं. घाण्याच्या बैलामागं गोल गोल फिरायचा मला एवढा कंटाळा होता की तुम्ही गेल्यावर जरा मोठा झालो तसा मी सरळ निघालो तो नागपूर, तिथून रायपूर, मग वीटभट्टी, मग ट्रकवर क्लीनर, मग सुरत, आणि फिरत फिरत या सौराष्ट्रात येऊन पोचलो ते कुठं, तर तेलाच्याच गिरणीत. इथे बैल नाही, घाण्यात फिरणारी लाकडाची लाट नाही, आभाळाएवढ्या टाक्या आहेत. पण पहिल्या दिवशी फाटकातून आत शिरलो आणि ढेपेचा, तेल काढून उरलेल्या पेंडीचा, वास आला तेव्हा वाटलं, तुम्ही आतूनच ओरडाल, "आला का बे? बैल सोड."

आज लिहायला बसलो त्याचं कारण माय आहे. मागच्या आठवड्यात मोहाडीकडचा एक माणूस इथे कामाला लागला. आपल्या गावात त्याची सासुरवाडी. तो म्हणाला, तुझी माय लई वाळली. हिरड्यांतून रक्त येते, तोंड येते, अंगावर निळे डाग पडतात. भंडाऱ्याच्या डॉक्टरानं सांगितलं की काही मोठं नाही, आंबट खा, लिंबू खा, आवळा खा, महिन्यात बरी होशील. ती डॉक्टरासमोर हो जी, हो जी म्हणाली आणि घरी येऊन बाजूवालीनं आणून दिलेले आवळे गायीपुढं टाकले. लोक विचारतात तर एवढंच म्हणते, "मले आंबट चालत नाई." त्या माणसाला ही हट्टी म्हातारी वाटली. म्हणाला, "गायीले आवळे! गज्जब बाई हाय बाप्पा तुही माय." मी हसलो त्याच्याबरोबर. आंबट तिला का चालत नाही ते गावात कुणाला ठाऊक नाही, बाबा. मला ठाऊक आहे. तुम्हाला नाही, कारण ते तुम्ही गेल्यानंतरचं आहे.

आपल्या घरचा नेम तुमचाच. तेलाला आंबट हात लावायचा नाही. धानाच्या बांधीत धान उभा असतानाच लोक जवस फेकायचे, धान निघाल्यावर तो निळा फुलायचा, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पोती घेऊन आपल्या दारात यायचे. जवसाचं तेल मोठं नाजूक. शेंगदाण्याचं वर्षभर राहतं, तिळाचं राहतं, जवसाचं जरा नजर हटली की खवट. तुम्ही डब्याचं झाकण उघडून नाक आत घालायचे आणि सांगायचे, हे अजून राहील, हे गेलं. मायनं कैरी चिरली, अंबाडी निवडली, चिंच कोळली, की त्या दिवशी तिनं तेलाच्या डब्याकडं जायचं नाही. पळी तुम्ही स्वतः काढून द्यायचे. ती चिडायची. "माह्या हाताले काय महारोग झाला काय जी?" तुम्ही म्हणायचे, "तुह्या हाताले काई नाई झालं वो. तेलाले होईल." मग ती मुद्दाम चिंचेचं बोट तुमच्या नाकापुढं नाचवायची आणि तुम्ही डबा पोटाशी धरून मागं सरकायचे, जसं काही पोरगंच आहे ते. असं का, हे मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणाले, "माह्या बापानं सांगतलं." त्याच्या बापानं त्याला सांगितलं असेल.

मग तुमचं दुखणं आलं. आधी आम्हाला कळलंच नाही. घाण्यामागं चालता चालता तुम्ही थांबायचे आणि बैलाची मान खाजवायचे. आम्हाला वाटायचं, बैलाचं कवतिक चाललं आहे. पुन्हा दोन फेरे, पुन्हा बैलाची मान. बैल पण चाणाक्ष, तुमचा पाय आखडला की आपणच उभा राहायचा आणि मान वाकडी करायचा. एक दिवस मायनं पाहिलं की तुमचा एक हात बैलाच्या मानेवर आहे आणि दुसरा आपल्या छातीवर. त्यानंतर एसटीनं भंडारा. तुम्ही आणि मी. दवाखान्याच्या ओट्यावर मी बसलो होतो, समोर पितळेच्या भांड्यांची गाडी उभी होती आणि उन्हात डोळे दिपत होते. तुम्ही आत डॉक्टराजवळ बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा हातात कागदाची लांब पट्टी होती, तिच्यावर काळ्या रेघा. म्हणाले, "हे माह्या काळजाचं अक्षर हाय. तुह्यापेक्षा बरं हाय." मी विचारलं, काय म्हणाला डॉक्टर. तुम्ही म्हणाले, "नसंत चरबी बसली म्हणते. मीठ बंद." मी म्हणालो, अजून? तुम्ही म्हणाले, "अजून काय? मीठ बंद. चल, गाडी निघून जाईल." जिभेखाली ठेवायच्या गोळ्या होत्या, त्या तुम्ही धोतराच्या कनवटीला खोचल्या.

मीठ बंद म्हणजे जेवण बंदच झालं तुमचं. अळणी वरण तुमच्या घशाखाली उतरेना. दोन घास खाऊन तुम्ही ताट सरकवायचे. मायच्या डोळ्यांना पाणी. आणि मग तिनं शोध लावला. मीठ नाही ना द्यायचं, मग आंबट देते. अंबाडीची भाजी, लाखोळीच्या डाळीत चिंच, ताकाची कढी, आवळ्याचा ठेचा बिनमिठाचा. जिभेला काहीतरी लागलं म्हणजे झालं. आणि तुम्ही जेवायला लागले, बाबा. मला तुमचं ते जेवण दिसतं. अंबाडी तोंडात घातली की तुमचा एक डोळा मिटायचा आणि खांदा वर जायचा. माय विचारायची, "लई आंबट झाली काय जी?" तुम्ही म्हणायचे, "दात आंबले. वाढ अजून." ती हसायची. त्या दिवसांत आपल्या घरी जेवढं हसू होतं तेवढं आधी नव्हतं आणि नंतर तर नाहीच. तेलाच्या घरात ज्या आंबटाला डब्याजवळ येऊ देत नव्हते ते आता रोज ताटात होतं. तुम्हीच एकदा गमतीनं म्हणालात, "जिंदगीभर आंबटाले दूर ठेवलं, आता तेच कामी आलं." तुम्ही गमतीनं म्हणालात. तिच्या मनात ते कुठं जाऊन बसलं असेल, कुणाला माहीत.

तुम्ही गेलात ते आणीबाणी उठली त्या साली, भर दुपारी, जेवून उठल्यावर. अंबाडीचीच भाजी होती. "आज साधली" असं म्हणून तुम्ही घाण्याच्या छपरीत जाऊन खांबाला टेकून बसलात, आणि माय ताट उचलून बाहेर आली तर तुम्ही तसेच बसलेले, डोळे बैलाकडं. गोळी कनवटीलाच होती. पुढचं सगळं होतं तसं झालं. लोक आले, वैनगंगेवर नेलं, लोक गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर माय अंगणात राख घेऊन हात घासत होती. भांडी नव्हती पुढं. नुसते हात. मी म्हणालो, काय करून राहिली माय? तर तिनं हात माझ्या नाकापुढं धरले. "वास येते का पाहाय." मी म्हणालो, कायचा वास? म्हणाली, "आंबट. डॉक्टर म्हणे नसंत चरबी हाय. चरबी म्हणजे तेलच नं बावा? मी रोज त्यायच्या तेलाले आंबट हात लावला. माह्या हातानं खवट झालं ते." एवढं एकदाच बोलली. त्यानंतर चिंचेचं मडकं बाजूवालीला देऊन टाकलं. लग्नाच्या पंगतीत कढी आली की पत्रावळीवर हात आडवा धरते. अंबाडी तर परसातून मुळासकट उपटली. मिसरूड फुटत होतं मला. मला तर तिचं म्हणणं बरोबरच वाटलं. तुमच्याच नेमानं ती बोलत होती. तेलाला आंबट लागलं की तेल जातं, हे तुमच्या तोंडून दोघांनी ऐकलेलं.

आता इथलं सांगतो. गिरणीत मी आधी पोती उचलायचो. मग तपासणीच्या खोलीत लावलं, काचेची भांडी धुवायला. तिथे एक बाई आहेत, इथल्या रीतीनं सगळे त्यांना बेन म्हणतात. तेल चांगलं की वाईट ते त्या काचेच्या नळ्यांत औषधं टाकून बघतात. शिवाय त्यांची पुढची परीक्षा चालू आहे, म्हणून पुस्तकं घेऊन बसतात. त्यांचा भाऊ मोठ्या शहरात हृदयाचा डॉक्टर आहे. आमचं बोलणं हिंदीत होतं, मी इथे आपल्या भाषेत लिहितो. मागे लोणचेवाल्यांची तक्रार आली, की तुमचं तेल डब्यात चांगलं असतं पण आमच्या लोणच्यात खवट होतं. मी लगेच म्हणालो, "होणारच बेन. आंबट लागलं." त्या म्हणाल्या, "तुला कोणी सांगितलं?" मी म्हणालो, माझ्या बापानं. हसल्या. म्हणाल्या, "चल, तुझ्या बापाला तपासू."

त्यांनी छोट्या छोट्या बाटल्या मांडल्या. सगळ्यांत थोडं पाणी आणि थोडं तेल, हलवून एक केलेलं. काही बाटल्यांत पाणी साधं, काहींत आंबट. काहींत गंजका खिळा. आणि काहींत एक औषध, जे तेलाला खवट होण्यापासून राखतं. त्या म्हणाल्या, तेल खवट होतं म्हणजे हवा त्याला खाते. तेलाच्या अंगात मुळातच थोडे राखणदार असतात, ते आधी स्वतःला खाऊ देतात म्हणून तेल वाचतं. राखणदार संपले की तेल गेलं. मला आपल्याकडचा बांधीतला राखणीचा माळा आठवला. राखण्या झोपला की रानडुकरं धानात. रोज बाटल्या उघडून त्या नळीत बघायच्या आणि मी गंमत म्हणून नाक लावायचो. मी पैज लावली होती की आंबटवाली बाटली पहिली जाईल. नाही गेली, बाबा. नुसतं आंबट पाणी होतं त्या बाटलीतलं तेल साध्या पाण्यातल्यासारखंच टिकलं. पहिली गेली ती आंबट आणि खिळा एकत्र होती ती. बेन म्हणाल्या, "आंबट एकटं गरीब आहे. पण आंबट पाण्यात लोखंड सुटतं, आणि सुटलेलं लोखंड तेलाला जाळतं. तुझ्या बापाचे डबे कशाचे होते?" मी म्हणालो, पत्र्याचे. "गंज?" मी म्हणालो, तळाशी असायचा. म्हणाल्या, "मग तुझा बाप चुकला नव्हता. गुन्हेगार धरला, पण जोडीदार सोडला." हे ऐकून मला एवढं हसू आलं की हातातली नळी फुटली आणि मग त्या ओरडल्या.

पण माझं लक्ष लागलं ते पुढच्या बाटल्यांवर. साध्या पाण्यात ते औषध, म्हणजे वरून घातलेला राखणदार, टाकला होता त्या बाटलीत खिळा असूनही तेल पुष्कळ दिवस धडधाकट होतं. तोच राखणदार आंबट पाण्यात टाकला त्या बाटलीत तो लवकर थकला. म्हणजे राखण करणारा तोच, माप तेच, पण जागा आंबट झाली की त्याचं बळ बदलतं. बेन म्हणाल्या, सगळ्याच राखणदारांचं असं नाही, एखादा आंबटातच जास्त चालतो, म्हणून तर शिकायला लागतं. आणि मग सहज बोलल्या, कपाळावर आठी घालून, पुस्तकातून डोकं वर न काढता, "माझा भाऊ म्हणतो, आता डॉक्टरांना वाटायला लागलं आहे की माणसाच्या नसेतही हेच होतं. नसेत चरबी नुसती असते तोवर एवढं नाही. ती तिथे खवट झाली की नस बिघडते."

बाबा, माझ्या हातात साबणाचं पाणी होतं. मी भांडं खाली ठेवलं. मग विचारलं, "बेन, आणि नस आंबट होते काय?" आता त्यांनी वर पाहिलं. म्हणाल्या, होते असं म्हणतात. जिथं नस आतून भरत जाते तिथं हवा नीट पोचत नाही, मांस कोंडतं, आंबतं. शिवाय चरबी गिळणाऱ्या बारीक पेशी असतात, त्यांच्या पोटात आंबटच असतं. तिथं गेलेल्या चरबीजवळचे राखणदार कसं काम करतात, करतात की नाही, ते अजून कुणी पक्कं सांगत नाही. मी विचारलं, "मग माणसानं चिंच खाल्ली, अंबाडी खाल्ली, तर ते आंबट तिथं जातं काय?" त्यांनी पुस्तक मिटलं. "कोण खात होतं?" मग मी सगळं सांगितलं. मीठ बंद, अंबाडी, तुमचा मिटलेला डोळा, मायचे राखेनं घासलेले हात, गायीपुढचे आवळे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आईला सांग, माणसाचं पोट मुळातच चिंचेपेक्षा आंबट असतं. आंबटात आंबट पडलं, काय फरक पडला? आणि रक्त आपला आंबटपणा आपणच सांभाळतं. अख्खं झाड खाल्लं तरी नसेत चिंच पोचत नाही. जी नस आंबते ती आपल्याच कोंडण्यानं आंबते, ताटातल्यानं नाही." आणि म्हणाल्या, "उलटं सांगू? आवळा, लिंबू, अंबाडी, यांत राखणदारच असतात. तुझी आई रोज तुझ्या बापाला राखणदार वाढत होती. कदाचित त्यांचे काही दिवस त्यानंच वाढले असतील. कदाचित. माझं कदाचित विसरू नको." मी मान हलवली. मला वाटलं, आत्ता गाडीत बसावं. दोन दिवसांचा रस्ता एका उडीत पार करावा आणि मायच्या पुढ्यात जाऊन ओरडावं. पण बेननं पुढं विचारलं, अगदी हळू, "बीडी ओढायचे?"

ओढायचे, म्हणालो. त्या एवढंच म्हणाल्या, "धूर राखणदारांना खातो." आणि मग कामाला लागल्या, कारण माझं तोंड त्यांनी पाहिलं असावं.

बीडीचं मला तुम्हाला काय सांगायचं. आपल्या घरी पाऊस असो, ऊन असो, मायच्या मांडीवर सूप. त्यात तंबाखू, बाजूला ओलं केलेलं तेंदूपान, कात्री. बोटं अशी चालायची की डोळ्यांना लागायची नाहीत. ठेकेदाराकडं वाकडी बीडी चालत नाही, ती छाटात जाते, म्हणून वाकडी झालेली ती तुमच्यासाठी बाजूला ठेवायची. पण मायचा हात एवढा साफ की वाकडी व्हायचीच नाही. मग संध्याकाळच्या आधी ती दोनचार मुद्दाम वाकड्या वळायची. मी पाहिलं आहे. पान तिरपं धरायची, ओठ दाबून हसायची आणि म्हणायची, "झाल्या बाप्पा वाकड्या, आता काय करता." तुम्हीही घेताना म्हणायचे, "हात बिघडला वाटते तुहा." घाण्याचं तेल लोकांचं होतं, घर तिच्या बिड्यांवर चालायचं, आणि तुमच्यासाठी वेगळं काही करायला तिच्यापाशी दुसरं काय होतं? तुम्ही गेल्यावर मला तिनं त्याच बोटांनी जगवलं. अजूनही वळते. तो मोहाडीचा माणूस सांगत होता, दिसत नाही नीट, तरी वळते.

बेननं विचारलं तेव्हा मला दवाखान्याचा ओटा आठवला. कोणता डॉक्टर असा असेल जो छातीच्या रोग्याला मीठ बंद म्हणेल आणि बीडीचं बोलणार नाही? तो बोलला असणार. तुम्ही आत एवढा वेळ होतात. बाहेर येऊन तुम्ही अर्धंच सांगितलं. मी दोनदा विचारलं, तरी "मीठ बंद" एवढंच. आणि मग मला छपरी आठवली. तुम्ही गेल्यावर पावसाळ्याआधी आम्ही घाण्याच्या छपरीवरचं जुनं गवत काढलं. तुम्ही जिथं बसायचे त्याच्या वर, वाशाच्या आणि गवताच्या मध्ये, कापडाची पुरचुंडी निघाली. त्यात बिड्या. सगळ्या वाकड्या. एकही पेटवलेली नाही. माय तेव्हा आत होती. तिनं पाहिलं नाही. मला तेव्हा वाटलं, म्हातारा ठेवून विसरला. आज कळतं, बाबा. दवाखान्यातून आल्यावर तुम्ही सोडली होती. रोज संध्याकाळी तिच्या हातून घ्यायचे, "हात बिघडला वाटते" म्हणायचे, छपरीत जायचे आणि वर खोचायचे. तिला नाही म्हणाले नाही. तिची बोटं तुमच्या नसेपर्यंत पोचू दिली नाहीत. उशीर झाला होता, पण तुम्ही सोडली होती. आणि ती इकडं चिंचेचे हात राखेनं घासत बसली.

मी सुट्टी मागितली आहे. मुकादम म्हणतो, तू परत येणार नाहीस, तुझ्या पायांवर भरवसा नाही. म्हणू दे. गेलो की आधी मोहाडीच्या बाजारातून अंबाडीची जुडी घेईन. माय चूल सोडणार नाही आणि अंबाडी चुलीवर चढू देणार नाही, म्हणून अंगणात तीन दगड मांडून मीच भाजी टाकीन, जशी होईल तशी. एकाच ताटात दोघं बसू. आधी मी खाईन, एक डोळा मिटून. मग तिला सांगीन की माय, मी तेलाच्या मोठ्या गिरणीत आहे, तिथे शिकलेली माणसं आहेत, त्यांनी बाटल्या मांडून पाहिलं. तुझा हात बाबांच्या तेलाला लागलाच नाही. तू त्यांना राखणदार वाढत होतीस, त्यानं त्यांचे दिवस वाढले. बेनचं "कदाचित" मी इथेच गिरणीत ठेवून जाणार आहे. ते शिकलेल्या माणसांच्या कामाचं आहे, मायनं त्याचं काय करावं? तिनं विचारलंच, की मग ते गेले कशानं बावा, तर म्हणीन, नसंनं. चरबी बसली होती, डॉक्टरानं सांगितलंच होतं. बीडीचं मी बोलणार नाही. ज्या बोटांवरचा एक आळ काढायला चाललो त्यांच्यावर दुसरा ठेवू काय? तुम्ही तिला अर्धंच सांगितलं होतं. मीही अर्धंच सांगीन. तुमचं आणि माझं मिळून पूर्ण होते.

कागद संपत आला. हे टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, वाटेत माय लागते, कुणाकडून तरी वाचून घेईल. घडी करून पेटीत ठेवतो.

एक राहिलं. छपरीतल्या त्या बिड्या मी ओढल्या, बाबा. तळ्याच्या पाळीवर बसून, पहिल्याच झुरक्याला ठसका लागला तरी. एक उरली ती तेवढी ओढवली नाही. इतक्या गावांतून माझ्याबरोबर फिरली, या पेटीतच आहे. तंबाखूचा वास केव्हाच गेला तिचा. वाकडी मात्र आहे तशीच आहे.